घरच्या घासाची कदर



“आजही भाकरी आणि सालनच?” दस्तरखान अंथरला की हा प्रश्न आता आपल्या अनेक घरांत ऐकू येतो. तांदळाची गरम भाकरी आणि नारळाच्या रसातले माशांचे सालन समोर असते. पण मुलाचे लक्ष दोन मिनिटांत शिजणाऱ्या पाकिटातील नूडल्सकडे किंवा मोबाईलवरून मागवायच्या बर्गरकडे असते. चौल, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी थाटलेल्या गाड्या मुलांना रोजच्या रस्त्यावर दिसतात. आई रागावते, दादी मनातून खट्टू होते आणि शेवटी कोणीतरी पाकीट फोडते. हा प्रश्न पोटाचा आहे, तसाच तो शुक्रगुजारीचाही आहे. आणि शुक्र ही ईमानवंताच्या जीवनाची पायाभूत गोष्ट आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. ज्यातील घटक हलाल आहेत, तो पदार्थ पाकिटात आला म्हणून हराम ठरत नाही. अल्लाहने जे वैध ठेवले आहे, ते रागाच्या भरात अवैध ठरवण्याचा अधिकार आईबापांनाही नाही. मात्र पवित्र कुरआनातील सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत अन्नाला दोन अटी घातल्या आहेत : ते हलाल असावे आणि तय्यिब, म्हणजे शुद्ध व उत्तम असावे. पहिल्या अटीबाबत आपण जागरूक असतो. मिठाईत जिलेटिन आहे का, मांस कोठले आहे, हे आपण विचारतो. दुसरी अट मात्र विसरून जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात मीठ, साखर व चरबी भरपूर असलेले अतिप्रक्रिया केलेले पदार्थ टाळण्याचा सल्ला दिला आहे. मुलाचे शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, हे लक्षात घेतले तर तय्यिबची अट किती महत्त्वाची आहे हे कळते.

तरीही “हे आरोग्याला वाईट आहे” एवढे सांगून मुलाची आवड बदलत नाही. सूरह अबसच्या २४व्या आयतीपासून अल्लाह माणसाला आपल्या अन्नाकडे नीट पाहण्यास सांगतो : वरून पाणी कसे ओतले, जमीन कशी दुभंगली, तीतून धान्य आणि फळे कशी उगवली. पाहणे, ही पहिली पायरी आहे. चौलच्या मुलाला यासाठी दूर जावे लागत नाही. जूनचा पाऊस, भाताची लावणी, पावसाळा सरल्यावर कापणी व झोडणी; वाडीत नारळाच्या सरळसोट झाडावर चढणारा पाडेली; खाडीतून समुद्रात जाणाऱ्या कोळी बांधवांच्या होड्या; हे सर्व त्याच्या गावच्या परिसरातच आहे. सूरह अन्-नहलच्या १४व्या आयतीत समुद्रातून मिळणाऱ्या ताज्या मांसाची गणना अल्लाहच्या देणग्यांमध्ये केली आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणून घरोघरी उन्हाळ्यातच सुके बोंबील, जवळा आणि सोडे यांची बेगमी केली जाते. एका भाकरीमागे आणि एका वाटीमागे किती हात राबले, हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला ताट सरकवून देणे जड जाते.

या अन्नाला इतिहासही आहे. हिजरी ३०४ मध्ये अल-मसऊदी हा प्रवासी चौलला, म्हणजे त्या काळच्या सैमूरला आला होता. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच विवाह करून स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. खजुराच्या प्रदेशातून आलेली ही माणसे भात-नारळाच्या किनाऱ्यावर रुजली. ज्या भूमीत अल्लाहने रिज्क दिले, तेथील अन्न त्यांनी आपले मानले. ईदला आपल्या घरी सांदणे उकडली जातात, तेव्हा मुलाला ही गोष्ट सांगावी. आपल्या ताटाला एक वंशावळ आहे, हे कळले की त्याला त्या ताटाची लाज वाटत नाही.

आता तरबियतीच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. हजरत अनस (रजि.) लहान वयातच प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या सेवेत आले. सहीह बुखारीत त्यांची एक हकीकत आहे. एका शिंप्याने प्रेषितांना जेवायला बोलावले. जवाची रोटी होती. दुध्या भोपळा आणि सुकवलेले मांस घातलेला रस्सा होता. प्रेषित (सल्ल.) थाळीतील भोपळ्याच्या फोडी आवडीने वेचून खात असल्याचे अनस (रजि.) यांनी पाहिले आणि त्या दिवसापासून त्यांनाही भोपळा प्रिय झाला. त्यांना भोपळ्यावर कोणी प्रवचन दिले नव्हते. उलट दहा वर्षांच्या सेवेत प्रेषितांनी आपल्याला एकदाही “उफ्” म्हटले नाही, असे तेच सांगतात. प्रिय व्यक्ती प्रेमाने खाताना दिसली, एवढ्याने त्यांची आवड घडली.

म्हणून बंधूंनो, मुलाच्या जिभेची तक्रार करण्यापूर्वी आपली जीभ तपासावी. “मीठ कमी आहे”, “पुन्हा हेच?”, “हॉटेलात कसे असते बघ” ही वाक्ये मुलाने कोणाकडून ऐकली? प्रेषित (सल्ल.) यांनी अन्नाला कधीही नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात. या सुन्नतीत मुलालाही सवलत आहे. एखादा पदार्थ त्याला खरोखर आवडत नसेल, तर तो जबरदस्तीने घशात कोंबू नये. नावड असू शकते. अवहेलना मात्र नसावी. हा फरक मूल बापाकडून शिकते.

दुसरी शिकवण राबणाऱ्या हातांविषयी आहे. सेवक जेवण घेऊन आला तर त्याला आपल्याबरोबर बसवावे, निदान त्यातील घास-दोन घास तरी त्याला द्यावे, कारण चुलीची धग त्याने सोसली आहे, अशी प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आहे. सेवकाचा जर एवढा मान, तर आईचा किती असावा? आपल्या अनेक घरांत मात्र सर्वांचे आटोपल्यावर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकटी, उरलेले जेवते. जिचा सन्मान होत नाही, तिच्या हातच्या अन्नाचा सन्मान मूल का करील? जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचाही शुक्र करीत नाही, हे प्रेषितवचन दस्तरखानावर आधी लागू होते. प्रेषित (सल्ल.) स्वतः घरच्यांच्या कामात हातभार लावीत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, त्यांनी खोबरे खवावे, तांदूळ निवडावे, कोळंबी सोलावी, दस्तरखान अंथरावा व उचलावा. स्वतः थापलेली वेडीवाकडी भाकरीही मूल आनंदाने खाते. घरच्या अन्नाचा आग्रह म्हणजे स्त्रीच्या पाठीवर आणखी ओझे, असा अर्थ कोणी घेऊ नये. ती थकली असेल तेव्हा साधी खिचडी आणि लोणचे हेही घरचेच जेवण आहे, आणि ते बापालाही शिजवता येते.

तिसरी गोष्ट एकत्र जेवण्याची. आम्ही खातो पण पोट भरत नाही, अशी तक्रार सहाबांनी केली, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) एकत्र बसून, अल्लाहचे नाव घेऊन खाण्यास सांगितले, त्यात बरकत आहे. त्यांच्या घरी वाढणारे बालक उमर बिन अबी सलमा (रजि.) यांचा हात थाळीत इकडेतिकडे फिरे. प्रेषितांनी त्यांना शेजारी बसवूनच बिस्मिल्लाह म्हणण्यास, उजव्या हाताने खाण्यास आणि आपल्यासमोरचे खाण्यास शिकवले; ती सवय त्यांना जन्मभर राहिली. मूल मोबाईलसमोर एकटे जेवत असेल तर त्याला हे कोण शिकवणार? वडील आखातात किंवा मुंबईत असतील, तर घरातील इतरांनी तरी दिवसातून एक जेवण एकत्र घ्यावे.

कधीमधी बाहेरचा पदार्थ खाऊ द्यावा, त्यात हरकत नाही. पण “अभ्यास केलास तर पाकीट देईन” असे बक्षीस लावू नये. त्यामुळे घरचा घास ही जणू शिक्षा ठरते.

हे अल्लाह, आमच्या रिज्कमध्ये बरकत दे, ते शिजवणाऱ्या हातांना आफियत दे, आणि आम्हाला व आमच्या मुलांना तुझ्या नेअमतींची कदर करणारे बनव. आमीन.