कलिंगाला जादू येत असती तर?

कलिंगच्या मांत्रिकांनी अशोकाच्या फौजेवर आग पाडली आणि मगध हरलं. अशी फँटसी वाचायला कुणालाही आवडेल. हरलेल्यांना एकदा तरी जिंकवावंसं वाटतंच.

खरं युद्ध इ.स.पू. २६१च्या सुमाराचं. १,५०,००० माणसं पकडून नेली, १,००,००० मारली गेली, त्याच्या कित्येक पट मेली. हे आकडे खुद्द अशोकानेच तेराव्या शिलालेखात पश्चात्तापासह कोरून घेतले. गिरनारला, कालसीला तो लेख आहे. कलिंगातल्या धौली आणि जौगडला मात्र नाही! तिथे त्याऐवजी सगळी माणसं आपली लेकरं असल्याचं राजा सांगतो. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासमोर कबुली नाहीच.

मग कलिंगाच्या हाती जादू देऊन काय साधतं? मेलेले फक्त बदलतात. मगधाचे सैनिक एका मंत्रात राख होतात, आपण टाळ्या वाजवतो आणि मोजदाद कुणीच ठेवत नाही. अशोकाने निदान मोजले तरी होते.

मला एवढीशीच जादू पुरेल: धौलीच्या खडकावर एका रात्रीत तेरावा लेख उमटावा. माफ करायचं की नाही, हे मग कलिंगाने ठरवावं.