इतिहासाचं कर्ज कुणाच्या नावावर?

जतमध्ये एका लग्नाच्या पंगतीत दाजी म्हणाले, "इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या पोराला बँकेनं एक रुपयाही देऊ नये. फेडणार कशातून?" दाजी बँकेतून निवृत्त झालेत. थकबाकीदारांच्या दारात उभं राहण्यात त्यांची उमेद गेली आहे. त्यामुळे ते वाक्य रागानं झटकता येईना आणि पटतही नव्हतं.

अशा वेळी द्यायची उत्तरं ठरलेली आहेत. विद्येचं मोल पैशात करू नये, इतिहासाशिवाय समाज आंधळा, वगैरे. ती मी देणार नाही. ती देणाऱ्याचा पगार बहुतेक वेळा एक तारखेला खात्यावर जमा होत असतो. उमदी किंवा संखहून एस.टी.नं लेकीला जतच्या कॉलेजात धाडणाऱ्या आईबापांना 'पुढं काय?' हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. हिशोब व्हायलाच हवा. माझं भांडण आहे ते दाजी ज्या वहीत तो मांडतात त्या वहीशी.

त्या वहीत दोनच रकाने आहेत: कर्ज किती आणि पगार किती. अमेरिकेचं सरकार हे दोन्ही आकडे आता कॉलेजवार आणि विषयवार जाहीर करतं. आपल्याकडे एन.आय.आर.एफ.च्या क्रमवारीसाठी कॉलेजं पदवीधरांच्या पगाराचा मध्यक कळवतात, पण तो नोकरी लागलेल्यांचा, आणि विषयाची फोड त्यात नसते. नोकरी न लागलेला पोरगा त्या आकड्यात येतच नाही.

बरं, उद्या जतसाठी असा तक्ता केलाच, तर कर्जाचा रकाना जवळपास कोरा निघेल. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी कमी, त्यात सवलती. या पदवीसाठी शैक्षणिक कर्ज काढलेलं घर मला तालुक्यात अजून भेटलेलं नाही. दाजी ज्या कर्जाला नाही म्हणतात, ते त्यांच्याकडे कुणी मागतच नाही.

कर्ज सुरू होतं पदवीनंतर. पोरगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्याला जातो. कॉट बेसिसवर जागा, मेस, अभ्यासिका, क्लास, टेस्ट सिरीज. नाहीतर दोन वर्षांचं बी.एड. हा पैसा येतो सोसायटीच्या पीककर्जातून, आईच्या गंठणावर काढलेल्या सोनेतारणातून, बहिणीच्या बचत गटातून, मामाच्या हातउसन्यातून. पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्यात ३ लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. म्हणून उचल होते ज्वारीच्या नावावर आणि पैसा जातो सदाशिव पेठेत. पाऊस दगा देतो, जतमध्ये तो नेहमीच देतो, आणि कर्ज थकतं. कागदोपत्री थकबाकीदार ठरतो शेतकरी बाप. इतिहासाच्या नावावर कुठंही एक पैसा दिसत नाही.

म्हणून फी आणि वर्षं या दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या धरतो. इंजिनिअरिंग फीला महाग. इतिहास फीला स्वस्त, पण वर्षांना फार महाग. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मर्यादा लांब, म्हणून 'अजून एक अटेम्प्ट' हेही लांबतं, आणि पोराबरोबर सगळं घर थांबून राहतं. बहिणीचं लग्न थांबतं, विहिरीचं काम थांबतं. शिक्षक म्हणून लागलाच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिक शाळेत त्याचं मानधन २०२३ उजाडेपर्यंत महिना ८ हजार होतं, मग १८ हजार झालं. त्या आठ हजारांत गंठण सुटायचं नाही.

इथं थोडं आडवाटेनं जातो. एप्रिल १६७३. जत तालुक्यातल्या उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला गाठलं आणि त्याच्या फौजेचं पाणी तोडलं. खान शरण आला, प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं, शिवाजी महाराजांचा रोष ओढवला आणि पुढच्या फेब्रुवारीत नेसरीला प्रतापराव पडले. पुस्तकांत हा प्रसंग शौर्याचा आणि नडलेल्या उदारपणाचा असतो. पण चैत्रात टँकरची वाट पाहिलेली जतची पोरगी आधी विचारेल, पाणवठा कुठं होता, त्यावर माणसं किती, जनावरं किती, आणि लढाई उठल्यावर गावाला पाणी उरलं का? हा प्रश्न भरल्या नळाखाली वाढलेल्या संशोधकाला सहसा पडत नाही. २०२२ साली कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर दावा करण्याची भाषा केली, तेव्हाही मुळाशी पाणीच होतं. त्या गावांचे कागद वाचून बोलणारं माणूस तालुक्यातलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

यावर दाजींचा प्रश्न तसाच उभा राहतो: त्या माणसानं खायचं काय? मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत होते, आणि ती नोकरी सांभाळून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. गो. स. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या चाकरीत होते. 'मराठी रियासती'चे आरंभीचे खंड त्याच चाकरीत आकाराला आले. आपल्या या थोर माणसांचं पोट इतिहासानं भरलं नाही. हा पुरावा दाजींच्या बाजूनं जातो. आधी मिळकतीचा आधार आणि त्याच्या जोडीनं इतिहास, असा त्यांचा क्रम होता. आपण पोरांना उलटा क्रम लावून देतो. आधी पदवी, मग आधार शोधण्यात उमेदीची दहा वर्षं.

तर क्रम फिरवावा. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जतच्या पूर्व भागातल्या कितीतरी पोरांची घरची भाषा कन्नड, शाळेची मराठी. त्यांना पहिल्याच वर्षी मोडी शिकवली, जुनं कन्नड हस्ताक्षर लावायला शिकवलं, तर जमिनीचे दावे, वारसनोंदी, देवस्थान इनामं यांचे कागद वाचणारी माणसं या सीमाभागाला मिळतील. अख्ख्या वर्गाचं पोट त्यावर भरणार नाही. तेही प्रवेशाच्या दिवशीच सांगावं.

म्हणजे इतिहासाला कर्ज नको, या वाक्यावर मी दाजींच्या शेजारी येऊन उभा राहिलो. बँकेचं नको आणि सोसायटीचंही नको. पण त्यातून ते म्हणतात, विषय सोडा. मी म्हणतो, तीन वर्षं इतकी भरीव करा की पुढची दहा उधारीवर काढायला लागू नयेत, आणि त्याचा खर्च सरकारनं उचलावा. नाहीतर इतिहास फक्त पगारदारांची मुलं घेतील, आणि उमराणीच्या पाण्याचा प्रश्न कुणीच विचारणार नाही.

सुरुवात कॉलेजच्या जनरल रजिस्टरपासून करता येईल. पंधरा वर्षांपूर्वी इतिहास घेतलेल्यांची नावं काढावीत आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी प्रकल्प म्हणून गावोगाव जाऊन त्यांना गाठावं. तोंडी साक्ष घेणं, ती कागदाशी ताडून पाहणं हेच तर त्यांना शिकायचं आहे. परीक्षा देणं कोणत्या वर्षी थांबवलं, तोवरचा खर्च कुणी केला, तो कशाच्या नावावर उचलला आणि फिटला का, एवढं विचारावं. मग नावं गाळून तो तक्ता जूनमध्ये, प्रवेश अर्ज घेतात त्या खिडकीशेजारी लावावा.