वेताच्या टोपल्या



तालमुदात मोएद काटान या भागात सांगितले आहे की, पूर्वी सुतकाच्या घरी श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या परड्यांतून अन्न नेत आणि गरीब वेताच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटू लागली, तेव्हा सर्वांनी टोपल्याच न्याव्यात असे ठरले. प्रेतविधीचा खर्च तर मरणाहून जड झाला. आप्त प्रेत टाकून पळत. अखेर रब्बान गम्लिएल यांना साध्या तागाच्या वस्त्रांत नेले, आणि लोकांनी तोच रिवाज धरला.

गम्लिएल हिल्लेलच्या वंशातले, पिढीजात मानाचे. त्यांना झगमगाट कशाला हवा? नव्याने चार पैसे पाहिलेल्याला मात्र ते दाखवावेसे वाटतात. आम्ही त्याला हसत नाही. कोकणात घाणा हाकणाऱ्या शनवार तेल्यांचीच आम्ही नातवंडे!

मलिद्याचे ताट आजही घरोघरी तेच: पोहे, नारळ, फळे. वाढले आहेत ते हॉल आणि मेंदीचे पाहुणे, आणि त्यापायी मुलीचा बाप बँकेचे कर्ज काढतो. म्हणून ज्यांना सहज परवडते, त्यांनीच आधी पाहुण्यांची यादी निम्मी करावी. शेजारच्या बापाला मग तसेच करायला लाज वाटणार नाही.