वाल्याच्या घरची माणसं

वाल्या कोळ्याची गोष्ट म्हटली की आठवतात ते रांजण. एक माणूस मारला की एक खडा, असे सात रांजण भरले. कीर्तनकाराचा सगळा जोर तिथं असतो, आणि पुढे रामनामावर, वारुळावर. मधला प्रसंग तो चटकन उरकतो. नारदाला झाडाला बांधून वाल्या घरी जातो आणि बायकोला, मुलांना, म्हाताऱ्या आईबापांना विचारतो, माझ्या पापात तुमचा वाटा आहे ना? सगळे नाही म्हणतात. आम्हाला पोसणं तुझं काम. कसं पोसतोस ते तुझं तू बघ.

या प्रसंगात मला घरच्यांचं उत्तर खटकत नाही. व्यवहाराच्या हिशेबात ते बरोबरच आहे. खटकतं ते असं, की हा प्रश्न त्या घरात तोवर कधी निघालाच नव्हता. सात रांजण काही कनवटीला लावून हिंडता येत नाहीत. ते कुठंतरी मांडलेले असणार, येताजाता दिसत असणार. आणि तरीही कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. विचारायला तिसराच माणूस, वाटसरू नारद यावा लागला.

खून हाच ज्याचा धंदा, आणि घरी मात्र जो मायाळू बाप, असा माणूस कधी सापडला की आपण ‘एकाच देहात दोन माणसं होती’ असं म्हणून मोकळे होतो. शेजारीपाजारी सांगतात, फार साधा होता हो, गणपतीची वर्गणी कधी चुकवली नाही. हे दोन माणसांचं गणित मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला एकोणिसाव्या शतकातल्या मध्य हिंदुस्थानात जावं लागतं, वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांकडे.

विल्यम स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी 1822 ते 1824 या काळात नर्मदेकाठच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. जिल्ह्यात कुठं काय घडतं ते आपल्याला कळल्यावाचून राहत नाही, अशी त्याची खात्री. पुढं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं, की आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी घर करून राहत होती, आणि सागरच्या वाटेवर एका मजलेवरच्या मंडेसर गावच्या आमराया म्हणजे साऱ्या देशातल्या मोठ्या खूनजागांपैकी एक. त्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, असं तो म्हणतो. स्लीमनचं हे म्हणणं मला त्याच्या साऱ्या पराक्रमापेक्षा मोलाचं वाटतं. ही माणसं तोंडं लपवून राहत नव्हती. शेत कसत होती, सारा भरत होती, लग्नकार्यात पंगतीला बसत होती.

पावसाळा सरून वाटा वाळल्या की ठग घराबाहेर पडत. मराठ्यांची फौजही याच सुमाराला मुलूखगिरीला निघे, हे आठवलं म्हणजे हंगामाचं नवल वाटत नाही. जवळपासच्या मुलखात सहसा हात टाकायचा नाही. शेकडो मैल लांब जायचं, आणि पुढचा पाऊस लागायच्या आत कमाई घेऊन परतायचं. गावच्या जमीनदाराला त्यातला वाटा मिळे, म्हणून जमीनदाराचं तोंड बंद. मराठी वाचकानं इथं फार नाक मुरडू नये. चंबळ आणि यमुना यांच्या मधल्या सिंदौस भागात, शिंद्यांच्या अमलात, ठगांच्या घरांवर रीतसर कर बसवलेला होता आणि तो वसूलही होत होता. 1812 मध्ये कंपनीच्या फौजेनं तो मुलूख उधळला आणि ठग चहूकडे पांगले.

कामाची वाटणी ठरलेली. सोथा म्हणजे गोडबोल्या. तो वाटसरूशी ओळख काढायचा, पुढची वाट धोक्याची आहे, सोबतीनं जाऊ म्हणायचा. भुरतोट म्हणजे रुमालानं गळा आवळणारा. दिवसचे दिवस सगळे एकत्र चालत, एकत्र स्वयंपाक करत, गात, गप्पा मारत. मग एका मुक्कामावर जमादार, म्हणजे टोळीचा म्होरक्या, सहज म्हणावं तसं ‘तमाखू काढा’ म्हणायचा, आणि तीच खूण असायची. खड्डे बहुधा आधीच खणलेले असत. सावज म्हणून रजेवर निघालेला शिपाई फार पसंत, कारण कमरेला वर्षभराचा साठवलेला पगार. 1810 मध्ये कंपनीच्या लष्करानं शिपायांना हुकूम काढून बजावलं होतं, की रोकड बरोबर नेऊ नका, हुंडी करून घ्या आणि रात्रीअपरात्री चालू नका. खानदेशातल्या वाटांवर अमरावतीच्या धनराज शेठचं सोनं वाहणारी माणसं 1820 च्या दशकात अशीच मारली गेली.

हे चित्र नीट डोळ्यांपुढं आणून पाहावं. एकाच वाटेवर, एकाच चुलीभोवती दोन माणसं बसलेली. दोघांनाही घरी पैसे न्यायचे आहेत, दोघांच्याही घरी पोरंबाळं वाट बघताहेत. रात्र सरेल तेव्हा त्यांतल्या एकाच घरी पैसे पोचणार आहेत. ठगाचं कुटुंब त्याच्या धंद्याच्या पलीकडे, कुठं लांब सुरक्षित नव्हतं. ते धंद्याच्या मुळाशीच होतं. तो घरासाठी मारत होता. म्हणून घरी येताना त्याला कातडी बदलावी लागत नव्हती.

पोरांना धंद्यात आणण्याची रीतही मोठी हिशेबी. पहिल्या मोहिमेत मुलाला तट्टूवर बसवून मागं ठेवायचं, त्याला काही दिसू द्यायचं नाही, फक्त खाऊ आणि नवी वस्त्रं मिळायची. दुसऱ्या खेपेला त्याला संशय येतो. तिसऱ्या खेपेला कळतं. तोवर त्याला त्या पैशाची, त्या सोबतीची सवय झालेली असते. ही रीत एकदा फसली, ती हकीकत फिरंगिया नावाच्या जमादारानं सांगितली आहे. कुरहोरा नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच टोळीबरोबर आला होता. हरसुखा नावाच्या एका ठगावर त्याला मागं ठेवण्याचं काम होतं. पण तट्टू भरधाव पुढं गेलं, आणि पोरानं माणसं मरताना पाहिली. तो थरथर कापू लागला, भ्रमिष्टासारखा झाला. मेलेल्यांची पागोटी दिसली की किंचाळायचा. संध्याकाळच्या आत तो मेला. हरसुखानं तो धंदा सोडला, बैरागी झाला आणि नर्मदेकाठच्या एका देवळात सेवा करू लागला. स्लीमनच्या एवढ्या मोठ्या दप्तरात मन पालटलेला माणूस हा जवळजवळ एकटाच. आणि त्याचं मन पालटलं ते परक्या माणसाच्या मरणानं नाही, आपल्यातल्या पोराच्या मरणानं. दया आटलेली नव्हती. तिला फक्त कुंपण घातलेलं होतं.

फिरंगिया स्वतः ब्राह्मण घरचा, देखणा, बोलका. काही काळ त्यानं ऑक्टरलोनी नावाच्या साहेबाकडे चांगली चाकरीही केली होती. पोटासाठी खून करायची त्याला गरज नव्हती, हे तो आपण होऊन सांगतो. मग का? तर गूळ. खुनानंतर सव्वा रुपयाचा गूळ आणून, कुदळीची पूजा करून तो वाटायचा. बापानं लहानपणी तो चाखायला दिला, आणि तेव्हापासून टोळीवाचून करमेना. गुळाच्या अंगी काही गुण असेल हे मी मानत नाही. पण बापाच्या हातून प्रसाद म्हणून मिळालेली गोष्ट मुलाला पाप वाटत नाही, इतकं त्यातून नक्की कळतं.

वेरूळबद्दलचं ठगांचं बोलणंही याच जातीचं. तिथल्या लेण्यांत जगातले सगळे धंदे कोरले आहेत, आणि त्यांत आमचाही आहे, असं ते स्लीमनला सांगत. सोथा वाटसरूच्या शेजारी एकाच जाजमावर गप्पा मारत बसलाय, कुठं गळा आवळणं चाललंय, कुठं पुरणं. ज्यानं त्यानं आपला धंदा पाहावा आणि दुसऱ्याला सांगू नये, असं त्यांचं मत. आपण वेरूळला जातो, कैलास पाहतो, सारीपाट खेळणारे शिवपार्वती पाहतो. आपल्याला त्यातलं काही दिसत नाही. ठगांना दिसत होतं, कारण त्यांना आपला धंदा सुतार-लोहारांच्या रांगेत बसवायचा होता.

आता बायकांचा प्रश्न. स्लीमननं नारदाचाच सवाल केला, फक्त तो घरी जाऊन नाही, कैदेतल्या नवऱ्यांना. तुमच्या बायका तुम्हाला दोष देत नाहीत? त्यावर दक्षिणेकडच्या ठगांनी सांगितलं, की आमच्याकडे बायकांना आम्ही सांगतच नाही, गुपित फुटेल म्हणून. सांगितलं तर काही जणी बोल लावतील, काही मुकाट्यानं राहतील. मुकाट राहणाऱ्या बायका इतर बायकांइतक्याच नवऱ्याला धरून असतात का, असं त्यानं खोचून विचारलं. उत्तर आलं, ठगांच्या बायकांची निष्ठा तर साऱ्या मुलखात प्रसिद्ध आहे. त्यात रुमालाचं भयही असेल, असं स्लीमन म्हणाला. असेल थोडंसं, एवढं त्यांनी कबूल केलं.

हे सगळं स्लीमनच्या ज्या ‘रामासियाना’ या ग्रंथात आहे तो 1836 मध्ये निघाला, आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही खरंच. बोलणारे माफीचे साक्षीदार. जीव वाचवायला बोलत होते. लिहून घेणारा साहेब. त्याला आपल्या कामगिरीचा डोलारा उभा करायचा होता. किम वॅग्नरसारख्या इतिहासकारांनी ठगांच्या धर्माचं साहेबी चित्र बरंच खरवडून काढलं आहे. बेहराम नावाच्या ठगानं म्हणे 931 माणसं मारली. ती तर त्यानं हजर राहून पाहिलेल्या खुनांची बेरीज निघाली. पण घराबद्दलचं हे बोलणं मला खोटं वाटत नाही. बायको मुकाट राहते असं सांगून कुणाची फाशी टळणार नव्हती. आणि या संभाषणांत बोलणारे सगळे पुरुषच आहेत. मुकाट राहणाऱ्या बाईला त्या मुकेपणाबद्दल काय वाटत होतं, ते तिला विचारलेलं त्यांत नाही.

फिरंगिया पकडला गेला तो घरापायी. स्लीमनच्या माणसांनी त्याची आई, बायको आणि मूल ताब्यात घेतलं. तो स्वतः निसटला होता. मुलूख सोडून लांब पळाला असता तर कदाचित कधीच सापडला नसता. पण त्यांना सोडून जाववेना, म्हणून आसपासच घुटमळत, रोज मुक्काम बदलत राहिला, आणि 1830 च्या अखेरीस हाती लागला. मग जीवदानाच्या बोलीवर त्यानं सलोहदा गावाजवळच्या आमराईत नेऊन जागा दाखवल्या. स्लीमनचा तळ नेमका तिथंच पडलेला. खणलं तेव्हा एक पंडित आणि त्याचे सहा सोबती निघाले, एक हवालदार आणि चार शिपाई निघाले. ज्या तंबूत साहेब झोपत होता त्याच्याच खाली, गंगाजळाच्या कावडी वाहणारे चार ब्राह्मण आणि एक बाई.

बायकामुलांवरच्या मायेनं अडकलेला हा माणूस आणि त्या आमराईतल्या बाईला मारणाऱ्या टोळ्यांचा हा जमादार, यांत दोन माणसं शोधायची गरज मला वाटत नाही. माया खरी होती आणि तिची वेस ठरलेली होती. वेशीबाहेरचा माणूस त्या मायेच्या हिशेबात कधी धरलाच नव्हता. अशी वेस आखायला ठग असावं लागत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणूनच दोन माणसांची कल्पना आपल्याला इतकी सोयीची वाटते.

1836 च्या तिसाव्या कायद्यानं ठगांच्या टोळीत कधीही सामील असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला; अमुक एक खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. वाल्याच्या बायकापोरांना पापातला वाटा नाकारता आला. माफीच्या साक्षीदारांच्या पोरांना तसं कुणी विचारलंच नाही. जबलपुरात सरकारनं त्यांच्यासाठी उद्योगशाळा काढली, आणि ज्यांनी रुमाल हातात धरलेलाही नव्हता अशी मुलंसुद्धा तिथं सरकारी नजरेखाली तंबू शिवत आणि गालिचे विणत मोठी झाली.