न आलेल्याची हजेरी

शाळेत प्रार्थना संपली की वर्गशिक्षक हजेरी घेतात. वरवर पाहता ही आलेल्यांची मोजदाद. पण हजेरीपटाचा खरा उपयोग न आलेल्यांसाठी असतो. नाव पुकारल्यावर जिथून ‘हजर’ असे उत्तर येत नाही, तिथून शिक्षकाचे दुसरे काम सुरू होते. मूल आजारी आहे, सुगीला शेतावर गेले आहे, की घरात काही बिनसले आहे? समोरच्या चाळिसांना उत्तम शिकवले, म्हणून गैरहजर पाचांची जबाबदारी संपत नाही. हाच न्याय गावच्या डॉक्टरला लावावा का? त्याचे कर्तव्य दवाखान्याची पायरी चढलेल्या रोग्यापुरते, की न चढलेल्याशीही त्याचे काही नाते आहे?

तालुक्याच्या गावातला जुना डॉक्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘हाताला गुण आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात औषधाइतकाच ओळखीचा वाटा असतो. आजोबांचा दमा, सुनेचे पहिले बाळंतपण, घरातली तंगी हे सारे त्याला ठाऊक असते. आपल्या सीमाभागात तर आणखी एक गुण लागतो. शाळा-कचेरीची भाषा कोणतीही असो, कळ मात्र माणूस घरच्या बोलीतच सांगतो. मराठीतले ‘कसंतरी होतंय’ आणि त्याचा कन्नड जोडीदार, दोन्ही ज्याला उमगतात, त्याच्यापुढे रोगी मोकळा होतो.

परंतु या डॉक्टरच्या कपाटात केसपेपर असतात ते आलेल्यांचे. रोजगार बुडेल म्हणून न येणारा मजूर, मुलाची मनीऑर्डर येईपर्यंत दुखणे अंगावर काढणारी म्हातारी, यांचा कागदच नसतो. शिवाय काही रोग मुके असतात. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही आणि एके दिवशी अर्धांगाचा झटका घेऊन येतो. ज्याला काही होतच नाही, तो दवाखान्यात येईल कशाला?

या प्रश्नाला कृतीने उत्तर देणारा एक डॉक्टर होऊन गेला. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे १९६१ साली दक्षिण वेल्समधील ग्लिन्कोरुग या कोळसा खाणकामगारांच्या गावात आले आणि पंचवीसहून अधिक वर्षे तिथे राहिले. वस्ती दोनेक हजारांची. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. तीत प्रत्येक माणसाचे नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या यादीत असते आणि डॉक्टरचे उत्पन्न मुख्यतः यादीतल्या माणसांवर ठरते, तपासणीच्या फीवर नव्हे. म्हणजे डॉक्टरच्या हाती आयताच हजेरीपट! हार्ट यांनी तो पुकारला. गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजायचा, आले नाहीत त्यांना पुन्हा बोलवायचे, दुसऱ्याच कामासाठी आले तरी मोजायचा, असा क्रम त्यांनी चालवला. त्याची हकीकत १९७० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढल्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यांनी ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला. जिथे उपचारांची गरज अधिक, तिथेच चांगले उपचार मिळण्याची शक्यता कमी. आणि वैद्यकी बाजाराच्या हाती जितकी जाईल, तितकी ही विषमता वाढेल, असा त्याचा आशय. पंचवीस वर्षांच्या कामाचा ताळेबंद १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्टीपूर्वीच्या मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या गावापेक्षा तिथे कमी आढळले. दोन लहान गावांच्या तुलनेने फार मोठा सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरे; पण दिशा कळायला ती पुरेशी आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला स्वातंत्र्याचा. मला माझा रोग जाणून घ्यायचा नसेल, तर डॉक्टरने माझ्या दारी का यावे? आक्षेप खोटा नाही. परंतु विचारणे आणि लादणे यांत अंतर आहे. ज्याला कुणी विचारलेच नाही, त्याच्या नकाराला निवड कसे म्हणावे? हार्ट रोग्याला उपचारातला भागीदार मानत. भागीदाराला आधी निमंत्रण तरी हवे.

दुसरा आक्षेप पोटाचा. आपल्याकडचा खासगी डॉक्टर आलेल्या रोग्याच्या फीवर जगतो. दवाखान्याचे भाडे आणि कंपाउंडरचा पगार त्यातूनच भागवायचा. न आलेल्यामागे त्याने किती धावावे? हेही मान्य केले पाहिजे. एकट्याच्या पुण्याईवर ही व्यवस्था चालणार नाही. ग्लिन्कोरुगमध्ये डॉक्टरची तळमळ होती, तशी तिच्या पाठीशी यादी होती आणि पगाराची तजवीजही होती. सद्गुणालाही बसायला पाट लागतो.

तसा पाट आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून साधारण हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती नेमली जाऊ लागली. घरोघरची नोंद तिच्या वहीत असते. मात्र तिची वही आणि खासगी दवाखान्यातले केसपेपर यांची गाठ क्वचितच पडते. आपल्या भागात तर वही एका भाषेत आणि दुखणे दुसऱ्या भाषेत! महिन्यातून एकदा डॉक्टर आणि आशाताई शेजारी बसले, ‘या घरातून कुणी का आले नाही?’ एवढेच एकमेकांना विचारले, तरी पुष्कळ काम होईल.

चांगला डॉक्टर कोण, हे ठरवताना आपण दवाखान्यापुढची गर्दी पाहतो. ती पाहावीच. पण त्या गर्दीत कोण दिसत नाही, हे ज्याच्या ध्यानात येते आणि ज्याला ते सलते, तो डॉक्टर गावाचा झाला असे समजावे. असा सल बाळगण्याइतकी उसंत आणि साधने त्याला मिळवून देणे, हे मात्र त्याचे एकट्याचे नव्हे, गावाचे कर्तव्य आहे.