थंडपणाचा पुरावा

समजा, पावसाळ्यात लोणावळ्यातल्या एका खोलीत पारा २२ अंशांवर आहे आणि तिथला संगणक भर कामात असताना प्रोसेसरचे तापमान ७० अंश दाखवतो आहे. तोच संगणक मे महिन्यात मुंबईत, ३४ अंशांच्या खोलीत, साधारण ८२ दाखवेल. कूलर तोच, पंखा तोच, काम तेच. मुंबईचा आकडा पाहून कूलर बिघडला म्हणणारा चुकतो, आणि लोणावळ्याचा आकडा पाहून कूलर झकास म्हणणाराही चुकतो. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करूच शकत नाही. प्रोसेसरमधली उष्णता उचलून हवेत टाकणे, एवढेच त्याचे काम. म्हणून पाहायचा असतो तो खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान यांतला फरक. तो दोन्हीकडे ४८ अंशच आहे.

हा फरकसुद्धा काम चालू असेल तरच काही सांगतो. रिकामा बसलेला प्रोसेसर वाईट कूलरखालीही गार राहतो. त्याला अर्धा तास जड काम द्यावे, तापमान चढत कुठे स्थिरावते ते पाहावे, आणि त्याच वेळी त्याच्या वेगावरही नजर ठेवावी. कारण हल्लीचे प्रोसेसर स्वतःचा जीव स्वतः वाचवतात. शंभर अंशांच्या जवळ आले की ते आपला वेग उतरवतात. आकडा मग तिथेच थांबतो, काही जळत नाही, यंत्र बंद पडत नाही. काम तेवढे मंदावते. उलट एएमडीचे २०२२ सालचे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत, त्यामुळे तिथे नुसता ९५ हा आकडा आजाराची खूण ठरत नाही. तात्पर्य, गारवा दिसणे ही एक गोष्ट आणि कूलर काम करतो आहे हे कळणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरीकडे जाण्याची वाट सरळ नाही.

या वाटेचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, फार बारकाईने केला आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करता येते. मात्र अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालभडक लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले असावे लागते. न कळत अनुमानात शिरलेल्या अशा अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटले आणि उपाधी असलेले अनुमान बाद ठरवले. आषाढात मावळात चूल पेटवणाऱ्याला ओल्या सरपणाबद्दल वेगळे सांगायला नको. ‘प्रोसेसर गार आहे, म्हणून कूलर चांगला आहे’ या अनुमानातही असेच ओले सरपण दडलेले असते: खोली गार असेल, किंवा काम पडलेलेच नसेल.

हीच तपासणी माणसाच्या शांतीला लावली की प्रश्न धर्माचा होतो. सहाशे मीटरांहून उंचावरचे लोणावळे मुंबई-पुण्याच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या शांत करत आले आहे. घाटातले धुके, वलवण तलावाकाठची सकाळ, एखाद्या आश्रमातला आठवडा, आणि मन निवते. ते निवणे खोटे नाही. पण ती शांती त्या माणसाची की लोणावळ्याच्या हवेची? आणि आतून ‘मी शांत झालो’ असे जे वाटते, ते स्वतःच स्वतःचा पुरावा मानायचे का?

याच गावात हा प्रश्न एका माणसाने प्रयोगशाळेत नेला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था उभी केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी हे त्यांचे गुरू. गुरूंवर अढळ श्रद्धा, तरीही योगाचे परिणाम मोजून पाहायचे हा हट्ट. बस्ती या क्रियेत आतड्यात पाणी वर ओढले जाते, ते नेमके कशाने? कुवलयानंदांनी नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया, करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यात नळी ठेवून ती दाबमापकाला जोडली. नौली चालू असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेलेला दिसला. म्हणजे तिथे निर्वात स्थिती तयार होत होती. त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचेच नाव दिले, माधवदास. दाबमापकावर मोजलेल्या गोष्टीला श्रद्धेने गुरूचे नाव देणारा हा माणूस प्रस्तुत लेखकाला फार मोठा वाटतो. श्रद्धा आणि तपासणी त्यांच्या घरात एका पंक्तीला जेवत होत्या.

मोजण्याची गरज किती खरी आहे, हे आणखी एका अभ्यासात दिसते. १९५०च्या दशकात मॅरियन वेंगर आणि बसू बागची हे संशोधक अमेरिकेहून उपकरणे घेऊन भारतभर फिरले. हृदय थांबवू शकतो असे सांगणाऱ्या योग्यांची त्यांनी तपासणी केली. दिल्लीचे बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मनगटावरची नाडी लागेनाशी होई, छातीला लावलेल्या स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येत नसत. ईसीजीच्या कागदावर मात्र हृदय आकुंचन पावतच होते. श्वास कोंडून छाती आणि पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, म्हणून ठोका क्षीण होतो. यात योग्याने फसवले असे म्हणण्याचे कारण नाही. शरीरावर एवढा ताबा मिळवणे हीसुद्धा साधनाच आहे. पण ‘हृदय थांबले’ हे विधान टिकले नाही. नाडी न लागणे आणि हृदय न चालणे यांच्या मधे एक उपाधी होती.

संगणक उघडून बसलेला कारागीरही दोन खुणा अशाच ताडून पाहतो. पंखा फिरताना दिसतो, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पडद्यावर प्रोसेसर ९५ अंश दाखवत असेल आणि वरच्या हीटसिंकला, म्हणजे कूलरच्या धातूच्या पट्ट्यांना, सावधपणे बोट लावले तर ते जेमतेम कोमट लागत असेल, तर उष्णता वर पोचतच नाही: मधली थर्मल पेस्ट वाळली आहे, एखादा स्क्रू ढिला आहे, किंवा बसवताना तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्राच काढायचा राहिला आहे. हीटसिंकही चांगलाच तापला असेल, तर उष्णता वर येते आहे पण हवा तिला नेत नाही. मग पट्ट्यांमधली धूळ पाहायची. काम सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत आकडा टोकाला गेला तर संशय जोडणीवर, दहा मिनिटे हळूहळू चढत गेला तर हवेवर.

पण पडद्यावरच्या आकड्यावर तरी विश्वास का ठेवायचा? २०१७ सालच्या रायझन १८००एक्समधून बाहेर येणारा तापमानाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा २० अंशांनी जास्त असे. पंख्यांचे नियंत्रण सगळ्या मॉडेलांत सारखे राहावे म्हणून कंपनीनेच ती भर घातली होती. ज्यांना हे ठाऊक नव्हते, ते चांगल्या कूलरला दोष देत बसले. आता या मापकाला तपासायला दुसरा मापक आणला, तर त्याला कोण तपासणार? मीमांसादर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे मीमांसकांनी, नैयायिकांना हेच विचारले होते. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाध आणणारे काही पुढे आले तरच ते सोडायचे, नाहीतर पडताळणीला अंत नाही. नैयायिक म्हणतात, लांबून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तिथे जाऊन प्यायल्यावर, तहान भागल्यावर ठरते. कृती फळाला आली की ज्ञान खरे.

शांतीच्या बाबतीत आमचा कौल नैयायिकांकडे आहे. बहुतेक व्यवहारात मीमांसकांचे म्हणणे पटते. दर क्षणी स्वतःवर संशय घेऊन माणूस जगू शकत नाही. पण जिथे उपाधी समोर दिसते आहे, म्हणजे गार हवा, सुट्टी, बंद ठेवलेला फोन, सोबत फक्त गोड बोलणारी माणसे, तिथे ‘मला शांत वाटते’ हे ज्ञान कामाला लावून पाहिल्याशिवाय मान्य करू नये. स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, हे गीतेत अर्जुनाने विचारले ते दोन्ही सैन्यांच्या मधे उभे राहून. प्रश्नही वागण्याच्या खुणांचा आहे; आत काय वाटते, एवढ्यावर तो थांबत नाही. मावळातल्या भंडारा डोंगरावर तुकोबा एकांतात बसले, ही आठवण इथले लोक जिवापाड जपतात. पण तुकोबांना मानले गेले ते डोंगरावरून देहूत उतरल्यावर. दुष्काळाने घरची माणसे नेली होती, विरोधकांनी वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची परंपरा आहे, आणि त्या सगळ्या भारात त्यांची वाणी मंदावली नाही.

शंकराचार्यांनी गीतेच्या स्थितप्रज्ञाच्या भागावर भाष्य करताना म्हटले आहे की सिद्धाची जी लक्षणे, तीच साधकाची साधने. हे ध्यानात घेतले की तपासणीची भीती उरत नाही. लोणावळ्याहून शांत होऊन परतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात घरी कोणावर खेकसला, तर त्याचा अभ्यास वाया गेला असे होत नाही. जोडणी कुठे सुटली आहे ते त्याला दिसले. वाळलेली पेस्ट पुसून नवी लावतात, स्क्रू सारखे आवळतात आणि पुन्हा अर्ध्या तासाचे काम देतात. त्या माणसालाही तसेच पुन्हा बसायचे आहे, आणि पुन्हा घरात वावरायचे आहे. कैवल्याचा आकडा दाबमापकावर येतो, असा दावा कुवलयानंदांनी केला नाही. आतड्यातला दाब मोजता आला तो त्यांनी मोजला, आणि पुढची साधना साधकाकडे ठेवली.