शिक्षा आणि श्रवण

'शिक्षण' आणि 'शिक्षा' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे विद्येचे ग्रहण; सहा वेदांगांपैकी एकाचे ते नाव आहे. मराठीने मात्र त्याच शब्दाला दंडाचा अर्थ दिला. हा अर्थबदल केवळ भाषाशास्त्राच्या कुतूहलाचा विषय नाही. जी संस्था विद्यार्थ्याला शिकविते, तीच त्याला दंडही करते. आणि दंड करताना ती शिकवीत असते की शिकविण्याचे काम बाजूला ठेवीत असते, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच दडलेला आहे. खासगी ख्रिस्ती महाविद्यालयाच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. कारण तेथे संस्थेला आपल्या श्रद्धेनुसार आचारनियम ठेवण्याचा अधिकार असतो, आणि ज्या श्रद्धेतून हा अधिकार येतो तिनेच न्यायाविषयी व क्षमेविषयी फार मोठ्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

या प्रश्नाची चर्चा हवेत करण्यापेक्षा एका घटनेच्या आधाराने करणे इष्ट ठरेल. जेम्स लॉसन हे अमेरिकेतील मेथडिस्ट पंथाचे तरुण धर्मोपदेशक. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करी सेवा नाकारल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. १९५३ साली ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे हे महाविद्यालय १८८३ पासूनचे. तेथे विद्यार्थ्यांना खेळ शिकवीत असतानाच लॉसन यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीतील बसबहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही नागपुरातच. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढे नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. हे विद्यापीठ १८७३ साली मेथडिस्ट चर्चच्या आश्रयाने स्थापन झाले होते. १९१४ मध्ये ते चर्चच्या सत्तेपासून अलग झाले, तरी खासगी राहिले. आणि त्याचा धर्मशास्त्र विभाग ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवीत राहिला.

फेब्रुवारी १९६० मध्ये नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांच्या टेबलांशी शांतपणे बसून सत्याग्रह आरंभिला. त्यांना अहिंसेचे धडे दिले होते लॉसन यांनी. ३ मार्च १९६० रोजी विश्वस्त मंडळाच्या कार्यकारी समितीने निर्णय घेतला, की लॉसन यांनी स्वतः विद्यापीठ सोडावे, अन्यथा त्यांना काढून टाकण्यात यावे. त्यांनी सोडण्यास नकार दिला आणि त्यांची हकालपट्टी झाली. पदवी काही महिन्यांवर आली होती. ज्यांनी त्यांना शिकविले होते, त्यांच्या हाती हा निर्णय नव्हता.

संस्थेच्या बाजूने जे सांगता येईल, ते प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खासगी संस्था ही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची असते. विद्यार्थी तिचे नियम मान्य करून प्रवेश घेतो. ते मान्य नसतील तर दुसरे दार उघडे असते. त्याच फेब्रुवारीत माँटगोमेरीच्या अलाबामा स्टेट कॉलेजमधील विद्यार्थ्यांनी असाच सत्याग्रह केला आणि त्यांपैकी नऊ जणांना काढून टाकण्यात आले. १९६१ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने ठरविले, की करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयाने आरोपाची सूचना आणि बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून विद्यार्थ्याला काढता कामा नये. हे बंधन शासकीय संस्थेवर होते. व्हँडरबिल्टसारख्या खासगी संस्थेवर नव्हे. म्हणजे नॅशव्हिलमध्ये जे घडले ते कदाचित कायद्याच्या चौकटीत बसणारेही असेल. येथेच नैतिक प्रश्न सुरू होतो. जेथे कायदा सक्ती करीत नाही, तेथे न्याय्य वागण्याचे कारण काय?

आपल्याकडील कायद्याने या बाबतीत एक विचारार्ह समतोल साधला आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षकांवरील शिस्तभंगाच्या कारवाईला कुलगुरूंची संमती सक्तीची करणाऱ्या तरतुदी अल्पसंख्याकांच्या संस्थांना लागू होऊ दिल्या नाहीत. शिस्तीची दोरी संस्थेच्याच हाती राहिली पाहिजे, हे त्यामागील सूत्र. परंतु कारभार करण्याच्या अधिकारात गैरकारभाराचा अधिकार समाविष्ट नाही, हेही त्याच परंपरेने वारंवार बजावले आहे. नियम कोणते असावेत हे संस्थेने ठरवावे. पण तिच्या स्वातंत्र्याचा अर्थ दंडाची रीत मनमानी असावी, असा होत नाही. विद्यार्थ्याने संमती दिलेली असते ती नियमांना, नियम राबविणाऱ्याच्या लहरीला नव्हे.

तथापि ख्रिस्ती संस्थेला याहून जवळचे कारण उपलब्ध आहे. थोर पाठचिकित्सक रिचर्ड बेंटली यांच्या पदव्या केंब्रिज विद्यापीठाने १७१८ मध्ये, त्यांचे म्हणणे न ऐकताच, काढून घेतल्या. १७२३ साली न्यायालयाने त्या परत देण्याचा आदेश दिला. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी एक दाखला दिला, तो पुढे विधिशास्त्रात अजरामर झाला: प्रत्यक्ष परमेश्वरानेही आदामाला शिक्षा देण्यापूर्वी त्याला हाक मारून विचारले होते. हा दाखला बहुधा अलंकार म्हणून वाचला जातो. माझ्या मते त्यात एक गंभीर युक्तिवाद आहे. परमेश्वर सर्वज्ञ आहे. आदामाने फळ खाल्ले की नाही, हे त्याला विचारून कळायचे नव्हते. तरीही तो विचारतो. म्हणजे विचारणा ही केवळ माहिती मिळविण्यासाठी नसते. ज्याला दंड व्हायचा आहे तो उत्तर देऊ शकणारा जीव आहे, हे त्या विचारण्याने मान्य केले जाते.

लॉसन यांच्या प्रकरणाला हे तंतोतंत लागू पडते. त्यांनी काय केले याविषयी वाद नव्हता. त्यांनी ते कधी लपविलेही नाही. मग ऐकून घेण्याने काय साधले असते? साधले असते ते हे, की कृत्य तेच राहून त्याचा अर्थ प्रकट झाला असता. विश्वस्तांना जो बेशिस्तीचा पुरस्कार वाटला, तो त्यांच्याच धर्मशास्त्र विभागात शिकविल्या जाणाऱ्या शिकवणुकीचा आचार होता, हे त्यांना निदान समोरासमोर ऐकावे लागले असते. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम हाच प्रश्न विचारतो: माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अपराधी बंधूकडे आधी एकट्याने जावे, मग एकदोघा साक्षीदारांसह, आणि सर्वांत शेवटी मंडळीपुढे, असा क्रम सांगितला आहे. बहिष्कार ही त्या जिन्याची अखेरची पायरी आहे, पहिली नव्हे.

अर्थात ऐकून घेणे म्हणजे न्यायालयाची नक्कल करणे नव्हे. रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले, पण आरोप मुलांना कळविले व त्यांचे उत्तर घेतले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही रीत ग्राह्य मानली. उलटतपासणीचा आग्रह धरला असता तर कोणती मुलगी बोलायला पुढे आली असती? दुर्बळ तक्रारदाराचे भय हेही न्यायाच्या हिशेबात धरावे लागते. रीत बदलू शकते. मात्र आरोप काय हे सांगणे आणि उत्तर ऐकणे, एवढा गाभा सोडता येत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो सज्जनांकडून येतो म्हणून अधिक अवघड असतो. ख्रिस्ती संस्थेने कायद्याची भाषा कशाला बोलावी? तिच्याजवळ क्षमा आहे. ती पुरेशी नाही काय? मला या आक्षेपाचे उत्तर पुस्तकात सापडले नाही. काही वर्षांपूर्वी मी एका खासगी महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर होतो. परीक्षेत नक्कल केल्याचा आरोप असलेला एक विद्यार्थी बाहेरच्या बाकावर बसला होता. अध्यक्ष मनाने दयाळू होते. मुलाने माफीचा अर्ज लिहून द्यावा, प्रकरण मिटवू, असे त्यांनी सुचविले. मुलाने निरोप पाठविला, की मला अर्ज लिहायचा नाही, मला बोलायचे आहे. समितीला ते औद्धत्य वाटले. त्याचे वर्ष गेले. त्या ठरावावर माझी सही आहे. तो दोषी होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. आणि हेच त्या सहीचे सर्वांत मोठे दूषण आहे.

क्षमा दोषावर उभी असते. दोष ठरविण्यापूर्वीच क्षमा देऊ करणे म्हणजे दोष गृहीत धरणे, आणि तेही उपकाराच्या आविर्भावात. शिक्षेविरुद्ध निदान दाद मागता येते. अशा क्षमेविरुद्ध कोठे जाणार? म्हणून न्याय हा क्षमेचा प्रतिस्पर्धी नसून तिची पूर्वअट आहे. ज्याचे ऐकले गेले त्यालाच खऱ्या अर्थाने क्षमा करता येते, किंवा त्याच्याकडे ती मागता येते.

व्हँडरबिल्टमध्ये त्या वर्षी धर्मशास्त्र विभागाच्या बहुसंख्य प्राध्यापकांनी राजीनामे दिले. अखेरीस लॉसन यांना पदवी पूर्ण करण्याची वाट देऊ करण्यात आली. तोवर ते बोस्टन विद्यापीठात गेले होते आणि पदवी त्यांनी तेथेच घेतली. २००६ मध्ये त्याच व्हँडरबिल्टने त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून सन्मानाने बोलाविले आणि ते गेले. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ते परतले हा त्यांचा मोठेपणा होय. संस्थेची मूळ चूक त्याने लहान होत नाही. काढून टाकलेल्या माणसाचे बोलणे वर्गात बसून ऐकायला त्या विद्यापीठाला सेहेचाळीस वर्षे लागली. १९६० च्या मार्चमध्ये त्याला एक दुपार पुरली असती.